चौथऱ्यावरची गाडी

"अजून मार," इन्स्पेक्टर म्हणाला. "रक्त लांबून दिसलं पाहिजे."

पेंटरनं डब्यात ब्रश बुडवला आणि गाडीच्या दारावर लाल रंगाचा आणखी एक सपकारा मारला. रंग पातळ होता. पत्र्यावरून ओघळून तो खालच्या कोऱ्या चौथऱ्यावर ठिबकू लागला.

चार महिने पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली ती गाडी सकाळीच क्रेननं चौकाच्या मधोमध आणून ठेवली होती. रस्ता सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन दहा वाजता होतं. अधीक्षक स्वतः येणार होते. बोर्डही लागला होता : 'घाई केली, घटका भरली.' खाली बारीक अक्षरांत : 'अतिवेगाचा बळी.'

हवालदार दोरी धरून बघ्यांना मागे सारत होता.  गाडीकडे बघायचं मात्र तो टाळत होता.

"साहेब, एक विचारू?" पेंटर म्हणाला. "वेगात होती तर पुढून चेपायला हवी ना? हिची तर पाठ चेपलीय. पुढचे दिवे बघा, काचेला तडासुद्धा नाही."

"तू पेंटर आहेस की पंच?"

"पेंटर."

"मग रंग मार."

बघे हसले. हवालदार हसला नाही. या गाडीचा पंचनामा त्यानंच केला होता. तोही दोनदा. पहिल्यात गाडी सिग्नलला उभी होती आणि डंपर मागून येऊन आदळला होता. दुसऱ्यात गाडी भरधाव येऊन मध्येच थांबली होती, आणि डंपरवाल्याचा नाइलाज झाला होता. डंपरच्या मालकाची ऊठबस वरपर्यंत होती. पहिला कागद इन्स्पेक्टरनं फाडला. दुसऱ्याखालची सही हवालदाराची होती.

बसथांब्याकडून एक बाई रस्ता ओलांडून आली. खांद्याला पर्स, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. वाकून ती दोरीखालून आत शिरली.

"ओ ताई, आत नाही यायचं," हवालदार म्हणाला, आणि तिचा चेहरा दिसताच त्यानं दोरी सैल सोडली. चार महिन्यांपूर्वी शवागाराबाहेर तिनं त्याच्याच हातून नवऱ्याचं घड्याळ घेतलं होतं.

फुटलेल्या खिडकीतून तिनं आत पाहिलं. मागच्या सीटला निळ्या चौकड्यांचं कव्हर होतं. त्यावरही लाल शिंतोडे उडाले होते.

"हे मी शिवलं होतं," ती पेंटरला म्हणाली. "याला कशाला रंग लावलात?"

पेंटरनं ब्रश पाठीमागे नेला.

इन्स्पेक्टर पुढं झाला. "बाई, समजून घ्या. चांगल्या कामासाठीच आहे हे. ही गाडी बघून चार जीव वाचतील. नंबरप्लेट काढलीय, तुमच्या मिस्टरांचं नाव कुठंच नाही."

"माझ्या मुलाला गाडी ओळखायला नाव लागत नाही. त्याची शाळेची बस इथूनच जाते." तिनं बोर्डाकडे बोट दाखवलं. "आता वाचतासुद्धा येतं त्याला. घरी येऊन विचारेल, बाबा घाई करत होते का."

"मग सांगायचं काहीतरी. पोरांना काय, सांगाल ते पटतं."

 ती हवालदाराकडे वळली. "दादा, तुम्ही होतात त्या दिवशी. गाडी उभी होती असं तुम्हीच मला सांगितलं होतं. होती ना?"

इन्स्पेक्टरनं मानसुद्धा वर केली नाही. हवालदार काय बोलणार याची त्याला खात्री होती. बुटावर पडलेला लाल थेंब तो रुमालानं पुसत होता.

 हवालदाराला त्या बुटांची किळस आली, त्या रुमालाची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या उजव्या हाताची.

"उभी होती," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "सिग्नल लाल होता. गाडी उभीच होती."

"काय उभी होती?"

अधीक्षक येऊन पोहोचले होते. इन्स्पेक्टर "काही नाही साहेब, काही नाही" करत धावला, पण अधीक्षकांनी त्याला हातानं थांबवलं. हवालदारानं सगळं सांगितलं. डंपर, पहिला कागद, दुसरा कागद. "सही माझी आहे, साहेब. पंचनामा खोटा आहे."

अधीक्षकांनी नीट ऐकून घेतलं. गाडीची चेपलेली पाठ पाहिली, मग चालत पुढं जाऊन धड राहिलेले दिवे पाहिले. माणूस मूर्ख नव्हता. जवळ येऊन त्यांनी हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं खरंच असणार," ते हळू आवाजात म्हणाले. "पण सिग्नलला थांबला म्हणून मेला, असं बोर्डावर लिहिलं तर उद्या थांबेल कोण?"

मग ते इन्स्पेक्टरला म्हणाले, "फीत कुठाय?"

फीत कापली गेली. टाळ्या पडल्या. "ताई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," फोटोग्राफर म्हणाला. ती हलली नाही. शेवटी त्यानंच जागा बदलली.

"तुम्ही पलीकडं जाऊन ट्रॅफिक बघा," इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाला. "सप्ताह संपला की बोलू आपण."

हवालदार पलीकडं जाऊन उभा राहिला. सिग्नल लाल झाला. सगळ्यांत पुढं स्कूटरवर एक म्हातारे गृहस्थ होते. पुढचं चाक वीतभर पट्टीवर गेलं होतं. खाकी दिसताच ते ओशाळले आणि दोन्ही पाय टेकून स्कूटर मागं ओढू लागले. पट्टीच्या आत आल्यावर त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"आता बरोबर आहे ना, हवालदारसाहेब?"

हवालदार त्यांच्या पाठीमागचा रस्ता बघत होता.