मारुतीचा कौल

वानर देवळामागच्या राईत मरून पडलं होतं. अणशीजवळच्या त्या वाडीत वानर मेलं म्हणजे घरचं माणूस गेलं. कोरं कापड, हळद-कुंकू, चौघांचा खांदा, मग माती. तिरडी बांधून झाली होती, पण राईच्या तोंडाशी शिल्पा वाट अडवून उभी होती. वाडीचीच पोर, आता सरकारी दवाखान्याचं काम बघणारी.

"हात लावू नका. त्याच्या अंगावरचे गोचीड चावले की माकडताप येतो. दवाखान्यात कळवलंय, ती माणसं येऊन उचलतील."

"मारुतीचं लेकरू बेवारशासारखं टाकायचं म्हनतीस?" परशूनं तिरडीला हात घातला. "लखूमामा, तुमीच सांगा."

सगळे लखूकडे वळले. अंगारा तोच द्यायचा, देवाचा कौल तोच सांगायचा. पण त्याची नजर राईत अडकली होती. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको रुक्मा इथूनच पाचोळा गोळा करून आली आणि तापानं फणफणली. त्यानं अंगारा लावला, मारुतीपुढं डोकं आपटलं. देव गप्प राहिला. रुक्मा गेली.

लखू देवळाच्या पायरीवर बसला. डोळे मिटले. हळूहळू त्याचं अंग थरथरू लागलं. आवाज घोगरा झाला.

"माझं लेकरू मी नेतो. खांद्याला माझी मानसं येत्यात. तुमी शिवायचं न्हाई. पाऊस लागंस्तवर राईत पाऊल टाकायचं न्हाई."

परशूनं तिरडी सोडली आणि हात जोडले.

दुपारी दवाखान्याची माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. वाडीनं लांबूनच त्यांना नमस्कार केला.

तो उन्हाळा वाईट गेला. आसपासच्या वाड्यांत माकडताप फिरला. इथं मात्र कुणी अंथरूण धरलं नाही. पाऊस लागला तशी शिल्पा नारळ घेऊन देवळात आली. लखू एकटाच होता. तिनं दबकत विचारलं, "मामा, त्या दिवशी देव खरंच बोलला व्हय?"

लखूनं नारळ घेतला. मूर्तीपुढं ठेवला.

"न्हाई. इतक्या वर्सांत एकदाबी बोलला न्हाई. पन त्या दिवशी तू बोलत हुतीस, तवा वाटलं, त्यो बोलला असता तर असंच बोलला असता."