तासाभराचं ध्यान

घंटाकाकांच्या शोकसभेत भाषणं नकोत, त्यांच्या आठवणीत तासभर ध्यानाला बसू, असं म्हाताऱ्या भंतेजींनी सुचवलं आणि सगळे डोळे मिटून बसले. विहारात घड्याळ नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात बघून घंटा वाजवायची ती काकांनी, हा पहिल्यापासूनचा शिरस्ता.

बराच वेळ गेला. काकूंच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय पार बधिर झाला. मागे कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. कुणीतरी मुद्दाम खाकरलं. आज ही घंटा वाजत का नाही, म्हणून वैतागून काकूंनी एक डोळा किलकिला केला, तर सगळेच्या सगळे एकेक डोळा उघडून कोपऱ्यातल्या घंटेकडे बघत होते.

"अहो, घंटा वाजवणारेच गेलेत, म्हणून तर बसलोय ना आपण!" काकू म्हणाल्या, आणि आधी त्यांनाच हसू फुटलं. मग काय, सगळे खो-खो हसत सुटले. शिंपीणबाई तर बसल्या जागीच कलंडल्या.

भंतेजी भिंतीला धरून कसेबसे उठले आणि डोळे पुसत म्हणाले, "इतकी वर्षं रोज तासभर बसतोय, पण माझे गुडघे असे कधी धरले नव्हते."

"तास कुठला, भंतेजी!" काकू हसू आवरत म्हणाल्या. "तुमची चुळबुळ सुरू झाली, की आमचे हे घंटा वाजवून मोकळे व्हायचे."