कपाटाच्या दाराशी ठेवलेली खेळणी

जहाजावरच्या बाबाशी बोलायला घेतलेला टॅबलेट चिमीच्या हातून सुटेना, तेव्हा आईने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. चिमी रडली नाही, आणि त्यानेच आईच्या जिवाला घोर लागला. कोपरे बोचणार नाहीत ना, रंग पोटात जाणार नाही ना, असं दहादा चाचपून तिने लाकडी ठोकळे आणले. मग कापडी ससा आणला, मग आगगाडी. चिमी प्रत्येक खेळणं मुकाट्याने कपाटाच्या दाराशी नेऊन ठेवायची.

"अगं, यातलं एकही आवडलं नाही का तुला?"

"आवडलं."

"मग खेळ ना, सोन्या."

"ती बाबाला आहेत," चिमी दाराला कान लावून म्हणाली. "तू त्याला आत कोंडलंस ना, आता तो हाक मारली तरी बोलत नाही."