आखूड पट्टा

“पट्टा आखूड कोणी केला?” कप्तानाने धक्क्यावरूनच घरी फोन लावला.

“मी. काल दुपारी मशीनवर बसले होते.”

“अगं, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत पोचायचो नाही मी!”

“रांगत गेलात तर पोचाल. मोजून शिवलाय.”

कप्तान म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. होडी एवढीशी, ऐट मात्र जहाजाची, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. शिडाची होडी घेऊन ते एकटेच समुद्रात जात. जॅकेटला पट्टा आणि पट्ट्याचा सरकता हुक होडीच्या लांबीभर पायाशी ताणलेल्या दोरीत, म्हणजे तोल गेला तरी होडी हातची जायला नको. परतायला जरा उशीर झाला की बायको बंदराच्या कचेरीत फोन करकरून कारकुनाचं डोकं खाई. तिच्या फोनमुळे एकदा शोधाची लाँचही निघाली होती. “घरी दावणीला बांधलंयच, आता समुद्रातही,” असं ते मित्रांना सांगत आणि स्वतःच हसत.

“जीव टांगणीला लावून बसायचा कंटाळा आलाय हो मला,” ती म्हणाली.

“बरं बरं, येतो वेळेवर,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी वारा फिरला. पुढचं शीड अडकलं. बायकोच्या नावाने खडे फोडत ते रांगत पुढे गेले. तेवढ्यात लाट आली आणि ते कडेला घसरले. पट्ट्याला हिसका बसला, बरगडीत कळ गेली, पण ते होडीतच राहिले. जुन्या लांब पट्ट्याने पाण्यात गेले असते आणि होडीमागे फरफटत राहिले असते. वर ओढायला होतं कोण?

बराच वेळ ते तसेच पडून होते. बायकोबद्दल इतकी माया त्यांना लग्न झालं तेव्हाही वाटली नव्हती. होडी विकून टाकायची, त्यांनी ठरवलं. आजच तिला सांगायचं.

धक्क्याला लागेपर्यंत दिवे लागले होते. कारकून कचेरीला कुलूप घालत होता.

“आज तर तुमचं डोकं पार खाल्लं असेल आमच्या मंडळींनी,” कप्तान म्हणाले.

“छे! एकही फोन नाही. पण भेटलात ते बरं झालं. यापुढे तुम्हाला उशीर झाला तर कळवायचं कोणाला?”

“म्हणजे काय? घरी!”

“तुम्ही गेल्यावर वहिनी आल्या होत्या. टॅक्सी थांबवून ठेवली होती, टपावर सामान. म्हणाल्या, आता घरी कोणी नसेल.”