फर्स्ट नेम

बर्मिंगहॅमच्या थंडीत साहेबलोक गारठू नयेत म्हणून दोन उंच ऑफिसांच्या मध्ये चौथ्या मजल्यावर काचेचा बंद पूल घातलाय. आमचे हे पलीकडच्या इमारतीत टपाल वाटतात. आज इन्सुलिनचं पेन घरीच विसरले, म्हणून मी दोन बस बदलून आले, तर पुलाच्या दारात गार्डने अडवलं. आडनाव सांगितलं, ते त्याला उमजेना. इथे परक्या बाईलाही लव्ह म्हणतात, तसं त्याने विचारलं, "फर्स्ट नेम, लव्ह?" घ्या! एकेचाळीस वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही, फॉर्मवरसुद्धा लेकीकडून लिहून घेते. "टक्कल, चष्मा, पोस्ट," मी खुणा करून सांगितलं. मेला पुन्हा म्हणतो, "नेम?" एक वाजत आला होता, आणि ह्यांना जेवणाआधी सुई टोचायची असते. शेवटी डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, "पुरुषोत्तम." त्याने टपालाच्या खोलीत फोन लावला. या नावाचं तिथे कुणीच नाही म्हणे. मी चिडून पर्समधला ह्यांचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "ओह, पॉल!" म्हणत त्याने परत फोन लावला, आणि हे पुलावरून धापा टाकत आले. "पॉल कोण?" मी विचारलं. "अगं, इथल्या लोकांना माझं नाव म्हणता येत नाही. बावीस वर्षं तसंच चाललंय." बावीस वर्षं! जे नाव मी सणासुदीलाच तोंडात घेतलं, ते हे रोज चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवत होते. पेन ह्यांच्या हातात कोंबलं आणि गार्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "टोचून घ्या आता, पॉल."