रावस लबाड झालाय

गळाचं टोक कोळंबीच्या शेपटातून निघून आप्पांच्या अंगठ्यात शिरलं होतं. रक्ताचा बारीक थेंब नखाच्या कडेने उतरत होता. खडकावर बसलेले आप्पा मात्र बोलतच होते.

“रावस लबाड झालाय गं! दोरी बारीक घेतली, गळ बदलला, आता जिवंत कोळंबी लावतोय. आमिष खाऊन जातो लेकाचा, पण वर्षभर एकही हाती लागला नाही.”

पूर्वी बोटावरून सोडलेल्या दोरीतूनच त्यांना कळायचं, मासा आमिष चाखतोय की गिळतोय. मी दिवाळीपासून रक्तातली साखर तपासायला सांगत होते. “मला काय धाड भरलीय?” म्हणून ते हसण्यावारी न्यायचे.

“आप्पा, अंगठा!” मी ओरडले.

त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या हाताने गळ हलवला, मग जरा ओढला. कातडी ताणली गेली.

“दुखत नाहीये गं.”

त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

“म्हणजे मासा रोज ओढत होता. मलाच कळत नव्हतं.”

मग त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

“चल, डॉक्टरकडे जाऊ.”