जनरल हार्विकचं चरित्र

“जनरल हार्विकवरचं तुमचं लिखाण मला द्याल का, मुहंदिस हारून?” अरवाने विचारलं. इंजिनिअरसाहेब म्हणावं तसं ती त्याला नेहमी मुहंदिस म्हणायची.

हारून परकारने समोरच्या नकाशावरून मान वर केली. जिझानच्या बंदरातल्या सर्व्हे ऑफिसात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. अरवाला येऊन सात महिने झाले होते. सौदीकरणाचा नियम आला तसं त्याच्या जागेवर सौदी माणूस नेमायचं ठरलं, आणि तो माणूस म्हणजे ही पंचविशीतली मुलगी. तिला काम शिकवायचं आणि ईद झाली की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, परत करून गावी हर्णैला निघायचं, एवढंच आता उरलं होतं.

ती हुशार होती, हेच जास्त झोंबायचं. त्याला जे शिकायला दोन वर्षं लागली, ते ती दोन आठवड्यांत उचलायची. मीटिंगमध्ये संचालक आता प्रश्न तिलाच विचारायचे. परवा त्याने काढलेल्या नकाशाची शाबासकीही तिला मिळाली. “हा मुहंदिस हारूनचा आहे,” असं ती म्हणाली खरी, पण तोवर संचालक पुढे निघून गेले होते.

जनरल मात्र त्याचा एकट्याचा होता.

अमेरिकेच्या यादवीत हार्विक दक्षिणेच्या, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूने लढला. मुळात तो इंजिनिअर. किल्ले, पूल, धक्के बांधण्यात त्याची उमर गेली. युद्ध हरल्यावर मायदेशात त्याला कोणी काम देईना, तेव्हा त्याने इजिप्तच्या राजाची चाकरी पत्करली आणि तिथून येऊन या किनाऱ्याची मोजणी केली. त्या नकाशाची प्रत हारूनला ऑफिसच्या जुन्या कपाटात सापडली होती. तेव्हापासून सात वर्षं सुट्टीचा प्रत्येक शुक्रवार त्याने या माणसाला दिला. अमेरिकेतल्या संग्रहालयांना लिहून लिहून त्याची पत्रं मिळवली आणि इंग्रजीत त्याचं चरित्र लिहायला घेतलं. परमुलखात राहून दुसऱ्याची बंदरं मोजणारा हा माणूस सुरुवातीला त्याला आपला वाटला होता.

मग तिसरं प्रकरण आलं. हार्विकचा सगळ्यात नावाजलेला किल्ला गुलामांकडून बांधून घेतलेला होता. दलदलीतल्या तापाने त्यांतले त्रेचाळीस जण मेले. जनरलने वर कळवताना नावं लिहिली नव्हती, नुसता आकडा लिहिला होता. ते प्रकरण संपवलं तेव्हा हारूनला दोन दिवस घास गिळवला नव्हता.

“कशासाठी हवंय?” त्याने विचारलं.

“नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला मी जनरलवर बोलणार आहे. तिथेच पुढे बंदराचं संग्रहालयही व्हायचंय. अमेरिकेहून एक प्राध्यापिका येताहेत. त्यांनी जन्मभर त्या गुलामांचाच अभ्यास केलाय.”

“आणि लिखाणाचं काय करणार?”

ती जराशी हसली. “ते माझ्यावर सोडा.”

जागा गेलीच होती. आता जनरलही चालला.

फोनवर त्याने फरहानाला सांगितलं. “द्या की तिला,” बायको म्हणाली. “इथे आणून कुणाला वाचून दाखवणार आहात?” त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी, कामगारांच्या कॅम्पातली बाकीची माणसं झोपलेली असताना, त्याने तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं. गुलामांच्या जागी रोजंदारीचे मजूर आले. ताप आला, पण कोणी दगावलं नाही. जनरलने पदरमोड करून त्यांचं औषधपाणी केलं आणि जाताना मजुरांनी त्याला दुवा दिली, असंही त्याने घातलं. लिहिताना त्याचा हात थांबला नाही. शेवटी त्रेचाळीसचा आकडा तेवढा पुसायचा राहिला होता, तोही त्याने पुसला.

रविवारी त्याने अरवाला फाइल दिली.

“सगळं तपासलेलं आहे ना?” तिने विचारलं.

“अक्षर न् अक्षर.”

पुढचे दीड महिने तो तिच्याशी इतका चांगला वागला की तिने घरून त्याच्यासाठी खजुराचा डबा आणला.

उद्घाटनाच्या दिवशी धक्क्यावर मांडव घातला होता. हारून मुद्दाम शेवटच्या रांगेत बसला. तिथून व्यासपीठ नीट दिसत होतं. अरवा बोलायला उभी राहिली. हातात एकही कागद नव्हता.

“मी फार बोलणार नाही,” ती म्हणाली. “जनरलबद्दल जे सांगायचं ते पुस्तकात आहे. पुस्तक आजच छापून आलंय. या कामासाठी मी संचालकांच्या फार मागे लागले. त्यांनी ऐकलं, त्यांचे आभार.”

खोकी उघडली, पुस्तकं रांगारांगांतून फिरू लागली. पहिली प्रत प्राध्यापिकाबाईंना मिळाली. त्यांनी चष्मा लावला, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि थेट तिसरं प्रकरण काढलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी पान मागे उलटलं, परत वाचलं, मग पर्समधून पेन्सिल काढली.

हारून खुर्चीत रेलून बसला. कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. अरवा व्यासपीठावरून त्याच्याचकडे पाहून हसत होती. तोही हसला.

शेजारी बसलेल्या माणसाने हारूनच्या हातात एक प्रत दिली. मुखपृष्ठावर जनरलचा नकाशा होता आणि त्याखाली छापलं होतं: ‘लेखक हारून परकार, बंदर संग्रहालयाचे नियोजित प्रमुख.’